चव नोंदवहीतली सही

अंबालाल सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हा शाळेत शोकसभा झाली. संस्थेची माणसं एकामागून एक उठून 'ज्ञानतपस्वी', 'ऋषितुल्य' असलं काहीबाही बोलत होती आणि मी मागच्या बाकावर दातओठ खात बसले होते. निवृत्तीच्या दिवशी ज्यांनी या माणसाला साधा नारळ दिला नाही, त्यांना आता त्याच्यात ऋषी दिसत होता! मी क्षमाबिमा करणारी बाई नाही, आणि सरही नव्हते. त्यांना ऋषी केलं की त्यांचा राग पुसला जातो. तो पुसला जाऊ नये म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

आमची शाळा तापीकाठच्या एका गावात, शहाद्याहून बसने अर्ध्या तासावर. सर तिथे इंग्रजी शिकवायचे आणि मी चित्रकला. ते गावातल्याच गुजर शेतकरी घरातले. उंच, काटकुळे, अंगात कायम पांढरा बुशकोट, आणि वरच्या खिशात चार घड्या घातलेली एक चिठ्ठी. शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी हातात खडूचा डबा घेऊन जिन्यात उभी होते, तर हा माणूस समोर येऊन थांबला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही.

"ताई, हातमा काय शे?"

"खडू."

"इंग्रजीमा?"

"चॉक."

"तेनं गाव कोनतं?"

मी म्हटलं, हा काय वेडा आहे की काय! तर म्हणाले, हा शब्द मूळचा लॅटिनचा, अर्थ चुना. रोमन लोकांबरोबर इंग्रजांच्या देशात शिरला आणि तिथलाच होऊन बसला. मग वर म्हणतात कसे, "शबदले बी गाव ऱ्हास, ताई. गाव इचारल्याबिगर कोनालेच घरमा लेवानं नही."

आमच्याकडे पाहुण्याला पाणी दिल्यावर पहिला प्रश्न गावाचाच असतो. सर तोच प्रश्न इंग्रजी शब्दांना विचारायचे. नवापूरच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी तरुणपणी एक जाडजूड शब्दकोश आणला होता. पुठ्ठे गेलेले. तो त्यांनी कापसाच्या गोणपाटात सुतळीने शिवून घेतला होता. त्यात हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले शब्द होते, त्यांचे जुने अर्थ होते, आणि सर सकाळी अंघोळीनंतर दुसरे लोक पोथी वाचतात तसं त्यातलं एक पान वाचायचे. अहिराणीत शिकवायचे, अहिराणीत भांडायचे. शुद्ध मराठी फक्त साहेब लोक आले की, आणि तेव्हा ते जरा आजारी असल्यासारखे दिसायचे.

'एकर' शिकवायचा होता तर नववीचा अख्खा वर्ग त्यांनी स्वतःच्या शेतात नेला. म्हणाले, जुन्या इंग्रजांचा एकर फूटपट्टीने मोजलेला नव्हता. बैलांच्या जोडीने एका दिवसात जेवढं नांगरलं तेवढा एकर. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर पोचली आणि तिथे भांडण पेटलं. एकजण म्हणे, "मन्ही जोडी दिनभरमा दीड एकर नांगरस!" दुसरा म्हणे, "तुन्ही जमीन रेताड शे म्हनीसन." हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज शेतकरी काळ्या जमिनीचा की रेताड, यावर दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. सरांना मात्र भलतं समाधान झालं होतं.

शाळेच्या फाटकाशी एक मोठा काळा फळा आहे. वर सुविचार, खाली दिनविशेष आणि उरलेल्या जागेत 'आजचा शब्द'. शब्द सरांचा, अक्षर माझं. पावणेदहाला सर खिशातली चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायचे. शब्द पिवळ्या खडूने, अर्थ पांढऱ्या, आणि मी कधी चुकून उलटं केलं तर पुसायला लावायचे. "जुनं मानूस शे ते, पिवळाच फेटा लागी," म्हणायचे.

त्या फळ्याला धार कशी आली ते सांगते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब. गावातला मोठा माणूस, बोटात तीन अंगठ्या, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. त्यांनी संगणकाच्या खोलीत एसी बसवायचा म्हणून खिडक्या प्लायवूड ठोकून बंद केल्या. एसी काही आला नाही. पोरं आत घामाने भिजून बाहेर यायची. एका सकाळी सरांनी चिठ्ठी दिली: 'विंडो. मूळ अर्थ: वाऱ्याचा डोळा.' बस, एवढंच. दुपारपर्यंत गावभर झालं की नानांनी वाऱ्याचे डोळे फोडले. चौथ्या दिवशी प्लायवूड निघालं. नानासाहेब फाटकाशी गाडी थांबवून म्हणाले, "मास्तर, शिकाडानं ते वर्गमा शिकाडा. गेटवर नही." सर हसले फक्त. तेव्हापासून टपरीवरचे लोक चहाआधी फळा वाचायला लागले. "आज कोनावर शे रे?" हा त्यांचा सकाळचा प्रश्न.

आता रुखमाबाई. दुपारची खिचडी शिजवायला होती. गावाच्या टोकाच्या भील वस्तीतली, पन्नाशीची, हाडापेराने मजबूत. दीडशे पोरांचं पातेलं चुलीवरून एकटी उतरवायची. कुणी मदतीला गेलं तर हाकलायची. डब्यात स्वतःची ज्वारीची भाकर आणि पाट्यावर वाटलेली मिरची आणायची, आणि माझा डबा बघून तोंड वाकडं करायची. "हाई काय कागदना तुकडा शे?" असं माझ्या पोळीला म्हणायची आणि अर्धी भाकर माझ्यापुढे टाकायची.

एकदा सर पाण्याला आले तर तिने हटकलं. "सर, इतला शबद सांगतस, मन्हा कामना एखादा शबद शे का इंग्रजीमा?"

सर तिथेच चुलीपाशी उकिडवे बसले. म्हणाले, "शे ना. लेडी."

रुखमाबाईला वाटलं चेष्टा करतात. सरांनी समजावलं. जुन्या इंग्रजीत लेडी म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी. लॉर्ड म्हणजे भाकरीची राखण करणारा. आणि घरातला नोकर म्हणजे भाकर खाणारा. सगळं घर भाकरीवरून ओळखायचे ते लोक.

"म्हंजे मी भाकर थापस म्हनीसन मी लेडी?"

"हा."

"आनी त्या सोफावर बठतस त्या?"

"त्या मांगून बन्यात."

रुखमाबाई पदरात तोंड घालून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'लेडीमावशी' म्हणायला लागली. तिला ते आवडायचं. ताटं धुवायला पोरांना हाकारताना स्वतःच ओरडायची, "लेडी बलाई ऱ्हायनी रे!"

इथवर लिहायला बरं वाटतं. पुढचं नाही.

खिचडी पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकाने चाखायची असते. त्याची वही असते, 'चव नोंदवही'. तारीख, वेळ, पदार्थ, चव कशी, सही. आता खरं सांगते, कोणीच चाखत नव्हतं. आम्ही बाकीचे तर शनिवारी बसून आठवड्याच्या सह्या उरकायचो. सर निदान रोजची सही रोज करायचे, एवढाच फरक. 'चव उत्तम' हे दोन शब्द त्या वहीत शेकड्यांनी होते आणि त्यांना चवीचा पत्ता नव्हता.

डाळ-तेल-मसाला पुरवायचं काम नानासाहेबांच्या पुतण्याकडे. डिसेंबरच्या शेवटी त्याने आणलेल्या गोण्या अवकाळी पावसात भिजून वाळवलेल्या होत्या. रुखमाबाईने वाटीभर डाळ हातात घेऊन हुंगली आणि हेडसरांकडे गेली. ते म्हणाले, पोरं उपाशी ठेवायची का, शिजव. तिने शिजवली, भरपूर मसाला घातला, आणि मग एक वाटी भरून स्वतः सरांच्या वर्गाच्या दाराशी गेली. त्या दिवशी चाखायची पाळी त्यांची होती.

"सर, दाय कुबट शे. तुमी चाखा. तुमी नही म्हना, म्हंजे मी वाढाव नही."

सर आठवीला शिकवत होते. फळ्यावर 'लॉर्ड' होता. भाकरीचा राखणदार! रंगात आले होते. म्हणाले, "ठेव, देखस." वाटी टेबलावर राहिली. दहा मिनिटांनी पोरगी वही घेऊन आली, सरांनी बोलता बोलता सही ठोकली. वेळ अकरा दहा. चव उत्तम.

दुपारी पोरं ओकायला लागली. अकरा पोरांना जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सगळी वाचली, देवाची कृपा. पण दोन दिवस त्या खाटांपाशी आयांचे जे चेहरे मी पाहिले, ते विसरायचे नाहीत म्हणजे नाहीत.

चौकशीला साहेब आले. वही उघडली. अकरा दहाला चव उत्तम होती, म्हणजे डाळ चांगली होती, म्हणजे बिघडलं ते वाढताना. वाढलं कोणी? रुखमाबाईने. नानासाहेब साहेबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय करता, हे लोक हातच धुवत नाहीत." मी तिथे उभी होते. मी काही बोलले नाही, हेही लिहून ठेवते. त्याच संध्याकाळी पुतण्याचा टेम्पो आला आणि गोण्या बदलून गेला. रुखमाबाईला कामावरून काढलं. गावात ज्यांची पोरं आजारी पडली होती त्यांनी तिच्या झोपडीवर दगड मारले. ती भांडी घेऊन अक्कलकुव्याला भावाकडे निघून गेली.

दुसऱ्या सकाळी सरांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "ताई, आजपाईन लाल खडू."

'लॉर्ड. मूळ अर्थ: भाकरीचा राखणदार.'

मला वाटलं, वा! सुरू झालं. दुसऱ्या दिवशी 'रेच', म्हणजे नीच, करंटा. सरांनी खाली लिहायला लावलं, 'मूळ अर्थ: गावातून हाकलून दिलेला.' तिसऱ्या दिवशी 'टेस्ट. अर्थ: चव. मूळ अर्थ: हात लावून पाहणं.' लोक वाचायचे आणि चहा न पिता निघून जायचे. नानासाहेबांची गाडी फाटकाशी हळू व्हायची. मी रोज लाल खडू दाबून दाबून लिहीत होते, खडू तुटेपर्यंत. मला सूड हवा होता आणि सर तो रोज एका शब्दाने घेत आहेत असं मी समजत होते.

मग एका सकाळी चिठ्ठी आली, 'गिल्ट. अर्थ: अपराध. मूळ गाव: कोणत्याच कोशाला सापडलेलं नाही.'

मी हसले. म्हटलं, "सर, हा एकदम भारी! नानांना बरोब्बर बसेल."

सर म्हणाले, "ताई, हाऊ नानासाठी नही. मन्हासाठी शे."

आणि तिथेच, फळ्यापाशी, त्यांनी मला वाटीचं सांगितलं. तोवर मला काहीच माहीत नव्हतं. मी धरून चालले होते की त्या दिवशी सरांनी चाखली असणार, कारण सर होते ते.

माझा जो भडका उडाला! मी म्हटलं, "हजार वर्षांपूर्वी मेलेल्या इंग्रजांचं तुम्हाला ऐकू येतं, आणि दारात उभी राहून बाई सांगते ते ऐकू येत नाही? आणि वर तोंड करून तीन आठवडे दुसऱ्यांवर शब्द फेकता? लाज नाही वाटत?" खडू त्यांच्या बुशकोटावर फेकून मारला. लाल डाग पडला. त्यांनी तो झटकला नाही. दिवसभर तसेच शाळेत फिरले.

दोन दिवस मी फळा लिहिला नाही. सरांना निवृत्तीला चार महिने उरले होते. सही खोटी होती असं कबूल केलं तर निलंबन ठरलेलं, पस्तीस वर्षांच्या नावावर काळं. न केलं तर रुखमाबाई जन्मभर पोरांना विष घालणारी. यात तिसरी वाट नव्हती आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले नाहीत. अक्कलकुव्याच्या एसटीत बसले होते. तिथे काय झालं ते त्यांनीच मला परत आल्यावर सांगितलं. रुखमाबाई भावाच्या अंगणात बसली होती. सरांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच त्यांना 'तू' म्हणाली.

"मले कसाले सांगस? मले माहीत शे. गावले सांग."

सर म्हणाले, सांगतो. आणि मग त्यांनी पिशवीतून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला. त्या संध्याकाळी टेम्पो येण्याच्या आधी, आमच्यापैकी कुणालाही न सांगता, त्यांनी कोठीतून त्या डाळीने डबा भरून घेतला होता. मग तीन आठवडे तो घरात ठेवून, हिंमत होत नाही म्हणून रोज एक शब्द लिहिला.

रुखमाबाईने डबा उघडून हुंगला. म्हणाली, "मी येसु. पन शिजाडसु मी, आनी पयला घास तुन्हा. समदा गावना समोर."

सव्वीस जानेवारी. बुधवार होता. सकाळी झेंडा, कवायत, मग सगळ्यांना जिलेबी. नानासाहेबांनी दोन जिलेब्या खाल्ल्या, फोटोसाठी तिसरी तोंडापाशी धरली. त्यानंतर त्याच मैदानावर ग्रामसभा. फाटकाच्या फळ्यावर मी सकाळीच सरांची चिठ्ठी लिहिली होती, पिवळ्या खडूने, नेहमीसारखी: 'विटनेस. मूळ अर्थ: ज्याला माहीत आहे तो.' आणि ऑफिसातल्या कपाटातून नोंदवही काढून शालीखाली घेऊन आले होते. चोरीच ती. पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करेन.

सर उठले तेव्हा लोकांना वाटलं शब्द सांगतील. त्यांनी वही उघडली आणि शुद्ध मराठीत सुरुवात केली. "ही माझी सही आहे. वेळ अकरा दहा. चव उत्तम. ही सही खोटी आहे. मी चाखलं नव्हतं." मग शुद्ध मराठी तिथेच संपली. "रुखमाबाई मले सांगाले उनी व्हती, दाय कुबट शे म्हनीसन. मी आयकं नही. टेम्पो इसन गोण्या बदली गया, तेना पयले मी हाऊ डबा भरी लिधा व्हता. तीच दाय आज शिजाडेल शे."

शाळेमागून रुखमाबाई पातेलं घेऊन आली. एकटीच, नेहमीसारखी. झाकण काढलं आणि पहिल्या रांगेतल्या बायांनी नाकाला पदर लावले. मसाला नव्हता त्यात. तिने वाटी भरून सरांच्या हातात दिली. सरांनी सगळ्या गावासमोर ती वाटी खाल्ली. घाई नाही, तोंड वाकडं नाही. एक घास घशाशी अडला तो गिळला. शेवटी बोटाने वाटी पुसून घेतली.

मग रुखमाबाईने ताट भरलं आणि सरळ व्यासपीठावर गेली.

"नाना, आते तुमी चाखा."

नानासाहेबांनी ताटाकडे पाहिलं. खांद्यावर ठेवायला हात उचलला, पण समोर रुखमाबाई होती, तो हात तसाच खाली आला. आणि त्या माणसाने काय बोलावं? देवाशपथ सांगते, म्हणाला, "आज मन्हा उपास शे."

बायांमधून कुणीतरी ओरडलं, "बुधवारना कसाना उपास, नाना?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "आत्तेच त जिलेबी खादी तुमी!"

आधी एक हसला, मग दहा, मग अख्खं मैदान. दवाखान्यात पोरांपाशी बसलेल्या त्या आयाही हसल्या, पण त्यांचं हसणं वेगळं होतं. रुखमाबाई हसली नाही. ताट तसंच धरून म्हणाली, "मन्हा हात घान शे म्हनेत ना तुमी? हात धोईसन रांधं. पोरेस्ले चालनी ती तुमले चालत नही का?"

नानासाहेब उठले. हे राजकारण आहे, मी बघून घेईन, असं काही पुटपुटत गाडीकडे निघाले. पातेल्यापाशी पोरांच्या आया वाट अडवून उभ्या होत्या. त्यांनी वाट दिली, पण एकेक पाऊल सरकून, सावकाश.

सर दोन दिवस आजारी पडले. तिसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र आलं. पुतण्याचं काम गेलं. नानासाहेब अजून अध्यक्ष आहेत, त्यांना काढणं कुणाच्या हातात नाही. पण गावाने आपला न्याय केला. त्यांचं नाव 'उपासनाना' पडलं ते पडलंच. लग्नाच्या पंगतीत वाढणारी बाई ओगराळं हातात धरून थांबते आणि गोड आवाजात विचारते, "नाना, आज उपास त नही ना?" तीन वर्षं झाली, या माणसाला गावात सुखाने घास गिळता आलेला नाही. आता तो लग्नांना जेवायच्या आधीच निघून जातो. लोक म्हणतात, जाऊ द्या हो ताई, किती दिवस ताणायचं? मी म्हणते, अजून ताणा. मला फार बरं वाटतं.

रुखमाबाईला शाळेने परत बोलावलं. तिने निरोप्याला सांगितलं, "मी नही येवाव. तुमनी खिचडी तुमी खा." अक्कलकुव्याच्या बाजारात, डोंगरातले लोक उतरतात त्या रस्त्याला, तिने स्वतःचं भाकरीचं दुकान टाकलं. चार बाकडी, दोन चुली, वर पत्रा.

सरांना मी शेवटचं तिथेच पाहिलं. रुखमाबाईने मला दुकानाची पाटी रंगवायला बोलावलं होतं. काय लिहू विचारलं तर म्हणाली, "लेडी. बस." मी स्टुलावर चढून पिवळा रंग लावत होते. बाजाराचा दिवस, भाकरीचा वास, बाकड्यांवर गिऱ्हाईकं हात धुऊन ताटकळत बसलेली, पण रुखमाबाई कुणाला वाढेना. एकजण चिडला तर म्हणाली, "थांब. आजूक चाखायनं नही."

मग शहाद्याकडून एसटी आली आणि सर उतरले. फार थकले होते. बुशकोट तोच, त्याच्यावर माझ्या खडूचा डाग धुऊन धुऊन फिकट गुलाबी झालेला. ते पहिल्या बाकड्यावर बसले. रुखमाबाईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, पहिली भाकर, पहिली डाळ, आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. सर जेवायला लागले.

मी स्टुलावरूनच हळूच विचारलं, "दर आठवड्याला?"

"दर आठवड्याले. तिनी सांगं व्हतं, बाजारना दिन तू चाखशी, मंगच मी इकसु."

"माफ केलं का मग तिने?"

सरांनी घास गिळला. "नही. आनी करानं बी नही. तिनी माफ करं, त मी परत सही करसु, न चाखता."

गिऱ्हाईकं बघत होती. रुखमाबाईने विचारलं, "कशी शे?"

"चांगली शे."

"जोरखाल बोल."

सर उठून उभे राहिले. पस्तीस वर्षं वर्गात चालवलेला आवाज काढून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "भाकर चांगली शे! दाय चांगली शे!"

खांबाला सुतळीने एक दोनशे पानी वही बांधलेली होती. रुखमाबाईला वाचता येत नाही. तिने वही उघडून सरांपुढे ठेवली, पण पेन मात्र मुठीत तसाच ठेवला. आधी वाकून त्यांचं ताट पाहिलं. कडेला भाकरीचा एक तुकडा राहिला होता. तिने बोट दाखवलं. सरांनी तो तुकडा उचलला, ताट पुसून घेतलं आणि खाल्ला. मग तिने पेन दिला.